नकाशावर पंचगंगा निळी आणि बंधाऱ्यावर उभं राहवत नाही: उपग्रहाच्या चित्रांत नदी खोटी ‘स्वच्छ’ का दिसते

ऊसतोड सुरू झाली की ही तक्रार येतेच. सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहाची चित्रं उतरवून कुणीतरी पंचगंगेच्या हरितद्रव्याचा किंवा गढूळपणाचा आलेख काढतं. आलेख सांगतो की ऑक्टोबरनंतर नदी सुधारत गेली, जानेवारी-फेब्रुवारीत तर सगळ्यात चांगली होती. त्याच दिवसांत तेरवाड बंधाऱ्यावर नाकाला रुमाल लावल्याशिवाय थांबता येत नाही. मग प्रश्न येतो: संगणकात काय चुकलं?

बहुतेक वेळा चूक एकाच जागी नसते. चार-पाच कारणं एकाच दिशेनं ओढत असतात, आणि ती दिशा नेमकी ‘पाणी चांगलं आहे’ हीच असते. खोटी घाण दिसली तर कुणीतरी नदीवर जाऊन बघतं आणि चूक उघडी पडते. खोटी स्वच्छता दिसली तर कुणी जात नाही. ‘उपग्रहानंच दाखवलंय’ हे वाक्य एकदा बैठकीत पडलं की नदीकाठच्या माणसानं डोळ्यांनी पाहिलेलं आणि नाकानं हुंगलेलं सगळं मोडीत निघतं. म्हणून हा बिघाड मुळापासून शोधायला हवा, आणि तो शोधता येतो.

आधी नदी आणि उपग्रह यांचं माप जुळवून घेऊ. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येतात, आणि तिथून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळेपर्यंत पंचगंगा साधारण ८० किलोमीटरचा प्रवास करते. पावसाळा संपला की ती सलग वाहत नाही, बंधाऱ्या-बंधाऱ्यांत अडून राहते: राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. वाटेत कोल्हापूरचे जयंती आणि दुधाळी नाले, पुढे इचलकरंजीचा काळा ओढा. दोन्ही काठांना ऊस. सेंटिनेल-२ दर ५ दिवसांनी, आपल्या घड्याळात सकाळी ११ च्या सुमाराला वरून जातो. तो प्रकाश रंगांच्या पट्ट्यांत विभागून टिपतो. त्याचे निळा, हिरवा, लाल आणि जवळचा अवरक्त हे पट्टे १० मीटरचे आहेत, म्हणजे चित्रातला एकेक चौकोन (पिक्सेल) १० मीटर बाजूचा. पण शेवाळ ओळखायला लागणारा ७०५ नॅनोमीटरचा पट्टा, म्हणजे बी-५, २० मीटरचा आहे. अमेरिकेचे लँडसॅट ८ आणि ९ हे उपग्रह तर ३० मीटरचे. पंचगंगेचं पात्र बऱ्याच ठिकाणी १०० मीटरही भरत नाही. म्हणजे बी-५ मध्ये या काठापासून त्या काठापर्यंत चार-पाच चौकोन, बस्स. पुढची बरीचशी दुखणी या एका आकड्यातून निघतात.

आणि उपग्रहाला काय दिसत नाही तेही स्पष्ट असू द्या. तो बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, मोजत नाही, विरघळलेला ऑक्सिजन मोजत नाही, नायट्रेट मोजत नाही. पाण्याचा रंग बदलणाऱ्या गोष्टीच त्याला कळतात: गाळ, शेवाळाचं हरितद्रव्य, विरघळलेली तपकिरी सेंद्रिय द्रव्यं आणि तरंगणारं केंदाळ. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली होती. तसा विषाणू पाण्यात असला तरी तो कुठल्याही पट्ट्यात दिसणार नाही. ‘उपग्रहाच्या नकाशावरून पाणी पिण्यायोग्य’ असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा.

पहिली तपासणी फाइलची

तुमच्या आलेखात जानेवारी २०२२ च्या आसपास एक पायरी दिसते का? त्याआधीचे आकडे वरखाली होणारे आणि त्यानंतरचे एकदम शांत, शून्याजवळ गोळा झालेले? मग नदीकडे बघूच नका, फाइलकडे बघा.

२५ जानेवारी २०२२ पासून युरोपियन अंतराळ संस्थेनं सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेची ०४.०० ही आवृत्ती सुरू केली. तेव्हापासून पिक्सेलच्या प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. गडद जागांवर वातावरणाची दुरुस्ती केल्यावर मूल्य शून्याखाली जाऊ शकतं. ते कापलं जाऊ नये म्हणून ही सोय आहे. परावर्तन, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला किती भाग परत येतो ते, काढताना आधी १००० वजा करायचे आणि मग १०,००० नं भागायचं. ही वजाबाकी राहिली की काय होतं ते एका पिक्सेलवर बघा. समजा लाल पट्ट्यात ३०० आणि बी-५ मध्ये ४०० आहे. हरितद्रव्याचा निर्देशांक, म्हणजे एनडीसीआय, काढायचा तर दोघांची वजाबाकी भागिले बेरीज: १०० भागिले ७००, म्हणजे ०.१४. आता तेच पाणी, तोच दिवस, फक्त १००० वजा करायचे राहिले: १३०० आणि १४००. उत्तर येतं १०० भागिले २७००, म्हणजे ०.०४. शेवाळ तिथंच आहे, आलेखातून मात्र गेलं.

शेतीचं काम करणाऱ्यांना हा फरक इतका बोचत नाही, कारण उसाच्या अवरक्त पट्ट्यातले आकडे हजारांत असतात. पाणी मुळात काळोखं, त्याचे आकडे शेकड्यांत. त्यामुळे पाण्याचं काम करणाऱ्याला ही चूक पार झोपवते.

उपग्रहाची चित्रं ऑनलाइन हाताळायला गूगल अर्थ इंजिन वापरत असाल तर नावात ‘हार्मोनाइज्ड’ असलेला संग्रह घ्या. तिथं वजाबाकी आधीच झालेली असते, पुन्हा करू नका. फाइल स्वतः उतरवली असेल तर तारखेवर विसंबू नका, कारण जुन्या चित्रांवरही नंतर नव्या आवृत्तीनं प्रक्रिया झाली आहे. फाइलच्या नावात ‘एन’ या अक्षरानंतर चार आकडे असतात. ते ०४०० किंवा त्याहून मोठे असतील तर वजाबाकी लागणार. यातली ९९९९ ही खूण मात्र वेगळी आहे, तिथं थेट मेटाडेटा, म्हणजे चित्रासोबत येणारी माहितीची फाइल, उघडून बघा. शंका राहिलीच तर राधानगरीच्या लक्ष्मी तलावाच्या मध्यावर जा, निरभ्र दिवसाचं चित्र घ्या आणि बी-११ बघा. १६१० नॅनोमीटरचा हा प्रकाश पाणी जवळपास पूर्ण गिळतं. तिथं तुमच्या हिशोबानं परावर्तन ०.१ च्या आसपास येत असेल तर १००० अजून आत बसलेले आहेत.

पाण्याचा मुखवटा केंदाळ खाऊन टाकतो

ही चूक मला सगळ्यात घातक वाटते, कारण इथं गणित बरोबर असतं आणि उत्तर उलटं येतं.

बहुतेक जण प्रत्येक तारखेच्या चित्रात आधी ‘पाणी कुठं आहे’ ते ठरवतात (यालाच पाण्याचा मुखवटा म्हणतात), एनडीडब्ल्यूआय या पाणी ओळखणाऱ्या निर्देशांकाची एक मर्यादा लावून किंवा सेंटिनेलसोबत येणाऱ्या वर्गीकरणातला ६ क्रमांकाचा वर्ग ठेवून. मग उरलेल्या पिक्सेलांची सरासरी घेतात. आता विचार करा, हिवाळ्यात बंधाऱ्याच्या फुगवट्यावर केंदाळाचा हिरवा गालिचा पसरलाय. सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस खाऊन ते माजलेलं आहे. नदी आजारी असल्याची याहून ढळढळीत खूण नाही. पण वर्गीकरणाला ते झाडोरा वाटतं, वर्ग ४. म्हणजे जमीन. गेलं बाहेर. त्याच्या खालच्या अंगाला काळं, साचलेलं पाणी आहे. ते इतकं गडद की त्याला ढगाची सावली किंवा काळोखा भाग ठरवलं जातं, वर्ग ३ किंवा २. तेही बाहेर. बंधाऱ्याखाली पांढरा फेस असेल आणि तो पुरेसा पसरला असेल तर तो ढगात जमा होऊ शकतो. उरतं काय? मधला जरा बरा पट्टा. सरासरी त्याचीच.

याचं उलटं रूपही बघायला मिळतं. लोकांनी किंवा नगरपालिकेनं केंदाळ काढलं की पुढच्या चित्रात पाण्याचे पिक्सेल एकदम वाढतात, खालचं कुजकं पाणी हिशोबात येतं, आणि आलेख म्हणतो की सफाईनंतर नदी बिघडली.

उपाय असा. दर तारखेला नवा मुखवटा बनवायचा नाही. पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या, केंदाळ नसलेल्या निरभ्र चित्रांवरून नदीची एक पक्की हद्द हातानं आखून घ्या. शिवाजी पूल, शिरोलीजवळचा महामार्गाचा पूल, बंधाऱ्यांच्या भिंती वगळा. ही हद्द वर्षभर तीच ठेवा, महापुरानं काठ सरकला तरच बदला. या हद्दीच्या आत प्रत्येक तारखेला तीन ढीग करा: उघडं पाणी, तरंगता हिरवा थर, आणि संशयित. तरंगता थर एनडीव्हीआयवरून, म्हणजे झाडोऱ्याचा हिरवेपणा मोजणाऱ्या निर्देशांकावरून, सहज वेगळा निघतो. पाण्याचा एनडीव्हीआय शून्याखाली किंवा शून्याजवळ असतो, दाट केंदाळाचा शेतातल्या पिकासारखा. आणि नकाशाखाली तिन्हींचं क्षेत्रफळ लिहा. ‘हरितद्रव्य कमी’ या वाक्याच्या शेजारी ‘पण पात्राचा निम्मा भाग केंदाळाखाली’ हे वाक्य आलं की वाचणारा फसत नाही.

काठावरचं झाड आणि केंदाळ यांत गोंधळ होतो म्हणतात. एक चित्र बघून होतो, सलग तीन-चार चित्रं लावली की होत नाही. झाड जागचं हलत नाही. केंदाळ वाऱ्यानं आणि प्रवाहानं सरकत जाऊन बंधाऱ्याच्या भिंतीला डकतं.

उसाची तोड झाली की शेवाळ ‘कमी’ होतं

कोल्हापुरात पंचगंगेवर काम करणाऱ्यानं एवढं एक प्रकरण जरी नीट समजून घेतलं तरी निम्मे आलेख सुधारतील.

२० मीटरच्या चौकोनात सगळंच पाणी असतं असं नाही. समजा एका चौकोनात ८० टक्के पाणी आणि २० टक्के काठावरचा ऊस आहे. पाण्यात शेवाळ अजिबात नाही, लाल आणि बी-५ दोन्हींत परावर्तन ०.०५. एनडीसीआय शून्य. हिरव्या उसाचं लाल ०.०४ आणि बी-५ ०.११ धरा. दोन्ही मिसळले की लाल ०.०४८ आणि बी-५ ०.०६२ होतं. एनडीसीआय येतो ०.१३. पाण्यात काही नसताना उपग्रह शेवाळ दाखवतो. कारण झाडाच्या पानातही हरितद्रव्यच असतं, आणि ७०५ नॅनोमीटरजवळची चढण दोघांचीही असते.

इथपर्यंत बरेच जण येतात. ‘काठाजवळचे चौकोन टाकून दिले’ म्हणतात. टाकाच, पण तेवढ्यानं भागत नाही. काठावरच्या हिरव्या रानावरून उसळलेला प्रकाश हवेतल्या धुरळ्यावर, बाष्पावर आपटून नदीच्या मधल्या चौकोनाच्याही वाटेत शिरतो. शेजारच्या जमिनीचा हा परिणाम काही शे मीटर, कधी त्याहूनही लांब पोचतो. म्हणजे आख्खी पंचगंगा त्याच्या टापूत आहे. मधोमध जाऊनही सुटका नाही.

आता हंगाम आठवा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दोन्ही काठांना ऊस उभा, हिरवागार. एनडीसीआय चढलेला, त्यातला बराच भाग उसाचा. नोव्हेंबरपासून तोड सुरू होते. एकेक रान मोकळं होतं, पाचट पसरतं, कुठं ते पेटवतात. काठाचा हिरवेपणा उतरतो, त्याबरोबर नदीच्या पिक्सेलातला एनडीसीआय उतरतो. पाण्यात काहीही बदललेलं नसताना. आणि हाच कारखान्यांच्या गाळपाचा हंगाम, नदीतला प्रवाह घटण्याचा हंगाम, मळीमिश्रित पाण्याच्या तक्रारींचा हंगाम. नदीचे दिवस वाईट होत जातात तसा आलेख ‘सुधारणा’ दाखवत जातो. वर्षानुवर्षं दाखवतो, म्हणून लोकांना तो खराही वाटू लागतो.

ओळखायचं कसं? नदीच्या हद्दीबाहेर दोन्ही बाजूंना १०० मीटरचा पट्टा आखा आणि त्या पट्ट्याचा एनडीव्हीआय प्रत्येक तारखेला काढा. तो आलेख एनडीसीआयच्या आलेखाखाली ठेवा. दोन्ही एका सुरात चढत-उतरत असतील तर तुम्ही नदी मोजत नाही, ऊस मोजताय. माझ्या अनुभवात ही एक तपासणी इतर सगळ्या तांत्रिक खटपटींपेक्षा जास्त उपयोगी पडते, आणि तिला दहा मिनिटं लागतात.

दुरुस्तीचे मार्ग थोडे आहेत, पण आहेत. बी-५ वापरताना दोन्ही काठांचा किमान एक पूर्ण चौकोन सोडा. त्यानंतर एखाद्या टप्प्यात दोन चौकोनही उरत नसतील तर तिथं हरितद्रव्याचा आकडा देऊ नका. बी-५ ला संगणकानं १० मीटरवर ताणता येतं, चित्र गुळगुळीत होतं, माहिती वाढत नाही. एकाच तारखेच्या चित्रात, दोन्ही काठांना सारखाच ऊस असलेले वरचे आणि खालचे टप्पे एकमेकांशी ताडून बघा. अशी तुलना तारखांमधल्या तुलनेपेक्षा भरवशाची असते. उदाहरणार्थ जयंती नाला मिळण्याआधीचा टप्पा आणि तो मिळाल्यानंतरचा टप्पा यांची तुलना करायची झाली तर आधी दोन्हींच्या काठांचा एनडीव्हीआय सारखा आहे का ते बघा. वातावरणाच्या दुरुस्तीसाठी सेंटिनेलसोबत येणारी सेन-टू-कोर ही पद्धत जमिनीसाठी बनलेली आहे. पाण्यासाठी अकोलाइट वापरून बघा, ते मोफत आहे आणि किनाऱ्यालगतचं व जमिनीवरचं पाणी डोळ्यांसमोर ठेवून घडवलेलं आहे. पण त्यानं ऊस नाहीसा होईल अशी आशा धरू नका.

काळं पाणी आणि नितळ पाणी

गढूळपणाचे बहुतेक निर्देशांक एका साध्या कल्पनेवर उभे आहेत: गाळ जास्त, तर लाल प्रकाश जास्त परत येतो. जुलै-ऑगस्टमधल्या तांबड्या पाण्याला हे चपखल लागू पडतं. पण मळीचं पाणी गडद तपकिरी, आणि कापडाच्या प्रोसेसिंगमधलं रंगाचं पाणी काळपट. ते प्रकाश परत पाठवत नाही, गिळतं. राधानगरीचं खोल, नितळ पाणीही लाल प्रकाश फारसा परत पाठवत नाही. लाल पट्ट्यापुरतं बोलायचं तर उपग्रहाला दोन्ही सारखीच गडद. म्हणून काळं पाणी आलं की गढूळपणाचा आकडा घसरतो आणि नकाशा निळा होतो.

इथं निळा आणि हिरवा पट्टा मदतीला येतो. नितळ पाण्यात निळ्याचं परावर्तन त्यातल्या त्यात टिकून असतं. तपकिरी सेंद्रिय द्रव्यं सगळ्यात आधी निळा गिळतात. म्हणून गढूळपणा घटलाय आणि त्याच वेळी निळ्याचं हिरव्याशी प्रमाणही घटलंय, तर आनंद मानायची घाई करू नका. तो टप्पा ‘गडद पाणी, प्रत्यक्ष पाहणी हवी’ अशा वेगळ्या रंगात दाखवा. तिन्ही दृश्य पट्टे एकत्र खाली बसले असतील आणि हिरव्याचं परावर्तन ०.०१ च्याही खाली असेल, तर कुठलंच गुणोत्तर काढू नका. इतक्या बारीक आकड्यांचा भागाकार म्हणजे उपकरणाची कुरकुर मोठी करून ऐकणं.

हेच कारण पावसाळा आणि हिवाळा एका पट्टीवर न ठेवण्यामागेही आहे. महापुरात नदी जी लाल दिसते ती शेतातली माती. जानेवारीत ती काळपट असते ते मुख्यतः माणसानं सोडलेलं. ‘गढूळपणा ऑगस्टपेक्षा जानेवारीत कमी’ हे वाक्य खरं असूनही प्रदूषणाबद्दल काहीच सांगत नाही.

चकाकी, धूर, ढग

यांवर थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये सूर्य कोल्हापूरच्या जवळपास डोक्यावर येतो, आणि उपग्रह ज्या कोनातून बघतो त्यावर अवलंबून पाण्याची चकाकी थेट त्याच्या डोळ्यात जाते. तेव्हा सगळेच पट्टे फुगतात. ओळख सोपी: उघड्या पाण्यावर बी-११ शून्याजवळ हवा, तो सगळीकडे ०.०२-०.०३ च्या वर चढला असेल तर ती तारीख बाजूला ठेवा. तुमच्या भागावरून दोन वेगळ्या कक्षा जात असतील तर त्यांचे आलेख वेगळे काढा. नाहीतर दर खेपेला वर-खाली उडणारी करवत मिळते आणि लोक तिला नाल्याच्या पाण्याशी जोडत बसतात.

पाचट जाळल्याचा धूर आणि थंडीतलं विरळ धुकं ढगांच्या मुखवट्यात अडकत नाही. त्यासाठी चित्र डोळ्यांनी बघण्याला पर्याय नाही. जून ते सप्टेंबर ढगांमुळे हातात फार थोडी चित्रं येतात. सेंटिनेल-१ चं रडार ढगातून पूर कुठवर पसरला ते दाखवतं, पाण्याची प्रत दाखवत नाही.

बरगे काढले का, हे आधी विचारा

सगळं तपासलं, फाइल बरोबर, हद्द पक्की, ऊस नाही, चकाकी नाही, तरीही एका टप्प्यात पाच दिवसांत आकडा उलटापालटा झाला, तर नदीत खरंच काहीतरी घडलेलं असू शकतं. आणि ते बहुधा बंधाऱ्यावर घडलेलं असतं.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे, म्हणजे खांबांमध्ये बसवायच्या आणि काढता येणाऱ्या फळ्या, घातले की वर फुगवटा होतो. पाणी थांबतं, गाळ खाली बसतो, वर शेवाळ धरतं. गढूळपणा घटलेला दिसतो. खालच्या अंगाला पाणी इतकं उतरतं की तळातला खडक आणि वाळू पिक्सेलात येतात, आणि तिथं लाल पट्टा उगाच चढतो. बरगे काढले की फुगवट्यात साठलेलं सगळं एका लोंढ्यानं खाली जातं. चित्रात आधी वरचा टप्पा आणि मग खालचा टप्पा रंग बदलतो. हे कळायला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही, बंधाऱ्याजवळच्या गावातला एक फोन नंबर लागतो.

“काका, बरगे काढले का?”

“परवाच काढलं की ताई. वरनं समदं काळं पानी आलंय. मासं वर यायला लागल्यात, बघून जावा.”

एवढं बोलणं आलेखाच्या त्या तारखेशेजारी लिहून ठेवा. बरगे घातल्या-काढल्याच्या तारखा, पाटबंधारे खात्याच्या आवर्तनाच्या तारखा, वळवाचा पहिला मोठा पाऊस, केंदाळ काढण्याची मोहीम, काठावरच्या तोडीचा काळ: ही वही नसेल तर उपग्रहाचा आलेख वाचताच येत नाही. म्हणून सरासरीही प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत एकच काढू नका. बंधारा ते बंधारा असे टप्पे पाडा, कारण प्रत्येक फुगवटा स्वतंत्र तळ्यासारखा वागतो.

तरीही जुळत नसेल तर बादली घ्या

नमुना घ्यायचा तो उपग्रह जायच्या दिवशीच, ११ च्या मागेपुढे तास-दोन तासांत. पुलावरून दोरीनं बादली सोडा आणि प्रवाहाच्या मध्यावरचं पाणी घ्या. काठावरचं पाणी घेऊन मधल्या चौकोनाशी ताडणं निरर्थक आहे. नाल्याचं पाणी मिळाल्यावर बरंच अंतर काठाला चिकटून चालतं, आणि तो काळपट पट्टा अनेकदा एका चौकोनापेक्षाही अरुंद असतो. उपग्रहाला जयंती नाल्याचं तोंड नीट दिसत नाही याचं कारण हेच. तिथं उपग्रहावर विसंबूच नये, माणूस पाठवावा.

गढूळपणासाठी साधा मीटर आणि सेकी चकती पुरते. चकती सोपी आहे: काळी-पांढरी तबकडी दोरीनं खाली सोडायची, दिसेनाशी होते ती खोली लिहायची. हरितद्रव्यासाठी बाटली गडद हवी आणि उन्हात राहता कामा नये. बीओडीची बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. विरघळलेल्या ऑक्सिजनचा नमुना तर जागेवरच रसायन घालून स्थिर करावा लागतो, घरी नेऊन मोजलेला आकडा कामाचा नाही. सोबत पाण्याचा रंग, वास, फेस, केंदाळ किती, आणि ज्या जागी उभे आहात तिथून दोन्ही बाजूंचा फोटो. फोटोत काठ येऊ द्या, ऊस उभा की तोडलेला ते नंतर हमखास विचारावं लागतं.

कॉलेजांच्या गटांनी सरावाला रंकाळा घ्यावा असं मला वाटतं. तो पसरट आहे, मध्यावर काठाचा त्रास बराच कमी, आणि तिथं निळ्या-हिरव्या शेवाळाचा इतिहास आहे. रंकाळ्यावर एनडीसीआय आणि बाटलीतला आकडा जुळवता आला की तुमची पद्धत ठीक आहे असं समजा. मग पंचगंगेवर तीच पद्धत फसली तर दोष पद्धतीत नाही, नदीच्या अरुंदपणात आणि काठात आहे, हे खात्रीनं सांगता येतं.

आणि मदत मागताना नुसता रंगीत नकाशा पाठवू नका, त्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. चित्राची तारीख आणि फाइलचं पूर्ण नाव, नदीची हद्द कशी आखली, किती चौकोन उरले, बी-११ चा आकडा, काठाच्या १०० मीटर पट्ट्याचा एनडीव्हीआय, आणि त्या आठवड्यात बरगे होते की नव्हते एवढं सोबत असेल तर दुखणं कुठलं आहे ते बहुतेक वेळा पाच मिनिटांत सापडतं.